माती माझी, पाणी कुणाचं?

"जमीन माझी, पैसा माझा, माती मी विकत घेतलेली. मग ती माझ्याच जमिनीत टाकायला तहसीलदाराची परवानगी कशाला?"

आमच्या बैठकांमध्ये तलाक, वक्फ, शिक्षण, नागरिकत्व हे विषय निघतील अशी अपेक्षा असते आणि ते निघतातही. पण कोकणातल्या तरुणांच्या बैठकीत चहाच्या वेळी हळूच विचारला जाणारा प्रश्न बहुतेकदा हा असतो. भाऊ कुवेतला आहे, हायवेजवळ दहा गुंठ्यांचा भाताचा तुकडा घेतला आहे, बंगला बांधायचा आहे, जागा सखल आहे आणि भरावाचं काम कुणाला तरी दिलं आहे. काम घेणारा म्हणतो, कागदपत्रांचं मी बघतो. मग एके दिवशी डंपर अडवला जातो आणि नोटीस येते. ती काम घेणाऱ्याच्या नावाने नाही, जमीनमालकाच्या नावाने येते.

हा संपादकीयाचा विषय आहे का, असं कुणाला वाटेल. मला वाटतं, आहे. नागरिक म्हणून आपला राज्याशी संबंध मतदानाच्या दिवशी येतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा तलाठी, मंडळ अधिकारी आणि नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात येतो. शेजाऱ्याशी आपला खरा संबंध कसा आहे, हे तर पहिल्या पावसातच कळतं.

चिपळूणपासून सुरुवात करू. आपल्या वाचकांपैकी बऱ्याच जणांचं ते गाव किंवा आजोळ आहे, आणि हमीद दलवाईंचं मिरजोळी तिथून हाकेच्या अंतरावर आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं. त्याआधी २६ जुलै २००५ ला शिरलं होतं. डोंगरातून येणारा पाऊस, कोयनेच्या वीजगृहांतून कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येणारं पाणी आणि दाभोळच्या खाडीतून वर चढणारी भरती, हे तिन्ही एकाच शहराशी येऊन मिळतात. पूर का आला, यावर अहवाल झाले, भांडणं झाली. नदीतला गाळ काढावा म्हणून चिपळूणकरांनी साखळी उपोषण केलं, आणि ते रास्तच होतं. पण नदीच्या पोटात गाळ साचला की पाण्याला जागा उरत नाही, ही गोष्ट ज्या गावाला इतकी नीट समजली, त्याच गावात नदीकाठच्या मळ्यांत मातीचे ढीग पडताना पाहून कुणाला फारसं काही वाटत नाही. नदीला पाणी पसरायला जागा दोनच: तिचं पात्र आणि काठची सखल जमीन. एकीकडचा गाळ काढायचा आणि दुसरीकडे भराव टाकायचा, तर हिशेब कसा जुळणार?

हिशेबच करून बघा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. दहा गुंठ्यांत चार फूट भराव टाकला तर ४३,५६० घनफूट माती लागते. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे साधारण ४३६ ब्रास. चार ब्रासचा डंपर धरला तरी शंभरावर खेपा. आणि त्या जागेत पुराच्या वेळी जे पाणी चार फूट उभं राहिलं असतं ते १२ लाख ३३ हजार लिटर. हे पाणी नाहीसं होत नाही. ते शेजारच्या शेतात जातं, पलीकडच्या वाडीत जातं, ज्याच्याकडे भराव टाकायला पैसे नाहीत त्याच्या ओटीवर चढतं. एका प्लॉटने फरक पडत नाही, असं म्हणणारे बरोबर असतील. पण हायवेला लागून एकच प्लॉट कुठे आहे?

आता कायदा. लोकांना वाटतं, परवानगी एकच असते आणि ती एकाच टेबलावर मिळते. प्रत्यक्षात दरवाजे वेगवेगळे आहेत आणि एक उघडला म्हणून दुसरा उघडत नाही. नेमकी इथेच फसगत होते.

पहिला दरवाजा महसुलाचा. केंद्र सरकारने ३ फेब्रुवारी २००० च्या अधिसूचनेने साध्या मातीलाही गौण खनिज ठरवलं, मात्र बांध, रस्ते, रेल्वे किंवा इमारतींच्या कामात भरावासाठी वा सपाटीकरणासाठी ती वापरली तर. महाराष्ट्रात पुढचा कारभार २०१३ च्या गौण खनिज उत्खनन नियमांनुसार आणि जमीन महसूल संहितेनुसार चालतो. माती जिथून काढायची तिथली परवानगी, रॉयल्टी म्हणजे स्वामित्वधन, आणि वाहतुकीचा पास. २०२१ पासून दर ब्रासला ६०० रुपये आहे. त्यावरचे इतर आकार वेगळे. वरच्या उदाहरणातल्या ४३६ ब्रासला नुसती रॉयल्टीच २ लाख ६१ हजारांच्या घरात जाते. आता कळेल की 'कागदपत्रांचं मी बघतो' म्हणणाऱ्याचा दर इतरांपेक्षा कमी का असतो. तो रॉयल्टी भरतच नाही, किंवा वीस ब्रासची पावती दाखवून चारशे ब्रास आणतो. पकडलं गेलं तर संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, वाहन जप्त होतं. वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते, म्हणजे सातबाऱ्यावर बोजा चढू शकतो. डंपरवाला पुढच्या कामाला निघून जातो, सातबारा मात्र तुमचाच असतो.

इथे एक गोष्ट तुमच्या बाजूचीही आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. स्वतःच्या जागेत पाया किंवा विहीर खणली आणि निघालेली माती त्याच जागेत पसरली, तर त्यावरही रॉयल्टी मागितली जायची. पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांची संघटना हा वाद सर्वोच्च न्यायालयात घेऊन गेली. डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की नुसती खणली म्हणून माती गौण खनिज होत नाही; तिचा उपयोग अधिसूचनेतल्या कामासाठी झाला का, ते तपासावं लागेल. पुढे राज्याच्या नियमांतही सवलत आली: एखाद्या भूखंडाचा विकास करताना निघालेली माती त्याच भूखंडावर सपाटीकरणाला वापरली तर रॉयल्टी लागत नाही. त्यामुळे त्याच जागेतली माती त्याच जागेत फिरवल्याबद्दल कुणी दंडाची भीती घातली तर घाबरून 'समजून घ्या साहेब' म्हणू नका. लेखी आदेश मागा, आणि त्या आदेशावर अपील करा. पण तीच माती बांधाच्या पलीकडे गेली की प्रश्न बदलतो. भाऊ-भाऊ असले तरी गट नंबर वेगळे आहेत.

दुसरा दरवाजा नियोजनाचा. १९६६ चाच प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा 'विकास' या शब्दात फक्त इमारत धरत नाही. जमिनीवर किंवा जमिनीखाली केलेलं अभियांत्रिकी काम, जमिनीत केलेला महत्त्वाचा बदल हेही त्यात येतं. त्यामुळे रॉयल्टीची पावती म्हणजे भरावाची परवानगी नव्हे. ती फक्त सांगते की मातीचे पैसे सरकारला मिळाले. नदीकाठी तर आणखी दोन रेषा बघायच्या असतात. जलसंपदा विभाग निळी आणि लाल पूररेषा आखतो. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध, निळी आणि लाल यांच्यामधला नियंत्रित. चिपळूणमध्ये या रेषांवरून लोक संतापले आहेत. अर्धं गाव आत जातं, जुनी घरं दुरुस्त कशी करायची, ही त्यांची तक्रार खोटी नाही. पण रेषा कुठे असावी हा वाद एक आणि रेषेच्या आत रात्री डंपर रिकामा करणं ही गोष्ट दुसरी. पहिल्याला आपला पाठिंबा असू शकतो. दुसऱ्याला नाही.

खाडीकाठच्या गावांत तिसरा दरवाजाही आहे. भरतीचं पाणी जिथवर येतं तिथे किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागतात. कांदळवनांवर भराव किंवा राडारोडा टाकायला तर मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात पूर्ण मनाई केली आहे आणि भोवती पन्नास मीटरचा पट्टा राखायला सांगितला आहे. खाजण म्हणजे पडीक जागा, अशी आपल्याकडची जुनी समजूत. पण तिथे कुणी तरी मासे आणि खेकडे पकडून घर चालवतं. ती माणसं बहुधा ग्रामसभेत बोलत नाहीत.

आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी एक जुना कायदा उरतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात सांगितलं आहे की वरच्या जमिनीवर पडलेलं पावसाचं पाणी नैसर्गिक उताराने खालच्या जमिनीत वाहून जाणं हा वरच्या मालकाचा हक्क आहे. खालच्या मालकाने भिंत किंवा भराव घालून ते अडवायचं नाही. गावातल्या वृद्धांना हे कलम न वाचताही ठाऊक असतं. पऱ्ह्याला हात लावू नको, एवढं ते म्हणतात.

धर्माची भाषा मी या स्तंभात जपून वापरतो, कारण नागरी प्रश्न नागरी भाषेतच सोडवावेत असं माझं मत आहे. पण जमातीच्या बैठकीत हा विषय निघाला की कुणी ना कुणी म्हणतं, माती टाकण्यात गुनाह काय? तर हदीसच्या ग्रंथांत मदिनेतल्या एका तंट्याची नोंद आहे. हर्रा नावाच्या खडकाळ भागातून येणाऱ्या पाटाच्या पाण्यावरून हजरत जुबैर आणि एक अन्सारी शेतकरी यांच्यात भांडण झालं. प्रेषितांनी दिलेल्या निवाड्याचा गाभा असा की वरच्याने आपली गरज भागवावी आणि पाणी शेजाऱ्याकडे सोडावं. पाणी बांधापर्यंत चढेस्तोवरच अडवायचा हक्क त्यांनी वरच्याला दिला, त्यापलीकडे नाही. दुसऱ्याला हानी पोचवू नये, हे फिकहचं मूळ तत्त्व याच मुशीतलं आहे. हक्कुल इबाद, म्हणजे माणसांचे हक्क, यावर आपल्याकडे जुम्याला बयान पुष्कळ होतात. शेजाऱ्याच्या विहिरीत आपल्या भरावाचं गढूळ पाणी उतरतं, त्यावर मात्र मी अजून एकही ऐकलेलं नाही.

जमातीच्या कामांबद्दल तर थोडं कडक बोलायला हवं. ईदगाहचं मैदान उंच करायचं, कब्रस्तानात पाणी साचतं म्हणून माती टाकायची, मदरशाच्या मागचा खड्डा बुजवायचा. काम नेक आहे, वर्गणी जमली आहे, एखाद्याचा डंपर फुकट मिळतो आहे. अर्ज, नकाशा, पावती याची गरजच कुणाला वाटत नाही. कब्रस्तानात माती टाकणं गरजेचं असू शकतं; पाणी भरलेल्या जागेत दफन करणं हा त्रास ज्यांनी सोसला आहे त्यांना ते सांगायला नको. पण ट्रस्टच्या नावाने केलेलं बेकायदा काम हे पुढच्या विश्वस्तांच्या आणि सगळ्या मोहल्ल्याच्या गळ्यात पडतं. ज्याने डंपर फुकट दिला त्याने माती कुठून उचलली, हेही कुणी विचारत नाही. एखाद्या गावच्या गायरानातून चोरलेल्या मातीवर ईदची नमाज पढायची का?

यावर नेहमी येणारं उत्तर मला माहीत आहे. "सगळेच करतात. मग नियम फक्त आपल्यालाच का?" या प्रश्नात तथ्य आहे आणि ते झटकून टाकणं अप्रामाणिकपणा होईल. ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्या गरिबाला दंड होतो आणि आख्खी टेकडी सपाट करणाऱ्याला सलाम मिळतो, हे कोकणात आंधळ्यालाही दिसतं. खुद्द सरकारच्या कामांकडे बघा. चौपदरी महामार्गाचा भराव शेतांच्या मधून उभा राहतो, तेव्हा त्याखाली मोऱ्या किती ठेवल्या, कुठे ठेवल्या, जुन्या वहाळाच्या तोंडाशीच ठेवल्या की ठेकेदाराच्या सोयीने, हे तपासायला ग्रामपंचायतीला कुणी बोलावत नाही. आणि तक्रार कुणाच्या नावाविरुद्ध आहे त्यावर कारवाईचा वेग ठरतो, हा अनुभव मुस्लिम वस्त्यांना आहे. तो मी नाकारणार नाही.

पण नेमकी म्हणूनच ही गोष्ट नीट समजून घ्या. बुलडोझर कारवायांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ ला निकाल दिला. पंधरा दिवसांची नोटीस, प्रत्यक्ष सुनावणी, कारणं दिलेला आदेश, आणि आदेशानंतर पुन्हा पंधरा दिवस. आपण सगळ्यांनी तो निकाल एकमेकांना पाठवला, स्टेटसला ठेवला. त्यातला अपवाद मात्र फार थोड्यांनी वाचला. रस्ता, गल्ली, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय अशा ठिकाणच्या अनधिकृत बांधकामांना हे संरक्षण लागू नाही. म्हणजे नदीच्या काठावर विनापरवाना भराव टाकून त्यावर जो घर, दुकान किंवा नमाजची शेड उभारतो, तो न्यायालयाने दिलेल्या ढालीच्या बाहेर जाऊन उभा राहतो. ज्याच्याशी यंत्रणा आधीच न्यायाने वागत नाही त्याने तरी आपल्या हाताने तिला कारण देऊ नये. 'सगळेच करतात' हे वाक्य सुनावणीत चालत नाही. बेकायदा कामात समान वागणुकीचा हक्क मागता येत नाही, असं न्यायालयांनी अनेकदा सांगितलं आहे.

पक्षपाताविरुद्ध लढायचं असेल तर त्याचीही साधनं आहेत, आणि ती कंटाळवाणी आहेत. तहसील कार्यालयात माहिती अधिकारात विचारा: गेल्या वर्षी आमच्या गावात किती ब्रासचे परवाने दिले, कोणत्या गटातून, किती दंड लावला, किती वसूल झाला, किती माफ केला. हीच यादी पाच गावांची मागवली की कोण सुटतो आणि कोण अडकतो ते आकड्यांतून दिसेल. आमच्या संघटनेतल्या दोन तालुक्यांच्या मुलांनी हे अर्ज तयार करायला घेतले आहेत. मोर्च्यापेक्षा यात फोटो कमी निघतात, पण मला त्या मुलांचा जास्त अभिमान वाटतो.

दुसरं काम मोबाईलवर होण्यासारखं आहे. आपल्या गावातले पऱ्हे, वहाळ, जुन्या मोऱ्या, पाणी साचायच्या जागा यांचा नकाशा करा. घरातल्या मोठ्यांना सोबत घ्या. दादींना ठाऊक असतं की कुठल्या साली पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं. गावनकाशाची प्रत भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. ती शेजारी ठेवली की कुठला नाला कागदावर आहे आणि जमिनीवर नाही, ते एका संध्याकाळीत कळतं. मग तो नकाशा घेऊन ग्रामसभेत जा. एकटे मुस्लिम मोहल्ल्याचे म्हणून जाऊ नका. बौद्धवाडी, कुणबीवाडी, भोईवाडा यांनाही बरोबर घ्या, कारण पुराचं पाणी त्यांच्याही घरात त्याच दिवशी शिरतं.

परदेशात असलेल्या वाचकांना एवढंच सांगतो की माती टाकायचं काम फोनवरून देऊ नका. रॉयल्टीच्या पावतीवर तुमचा गट नंबर आहे का, ब्रास किती लिहिले आहेत, वाहतुकीच्या पासवर तारीख कोणती आहे, याचे फोटो मागवा. पूररेषेत जागा येते का, हे खरेदीखत करण्याआधी विचारा. जागा सखल असेल तर आर्किटेक्टला खांबांवर घर उभं करण्याबद्दल विचारा. खालून पाणी जाऊ द्या, वर राहा. आपल्या जुन्या घरांची जोती उंच असायची, पण अख्खं परसू कुणी उंच करत नसे.

ज्यांच्यावर दुसऱ्याच्या भरावाने अन्याय झाला आहे त्यांच्यासाठी शेवटची माहिती, कारण तिला मुदत आहे. १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम लोकांना शेतरस्त्याच्या भांडणामुळे माहीत असतो. त्याच्याच कलम ५ खाली, शेतजमिनीवरून नैसर्गिकपणे वाहणारं पाणी कुणी बेकायदा अडवलं आणि त्याने शेतीचं नुकसान होतं किंवा होणार असेल, तर तो अडथळा काढायचा आदेश तहसीलदार देऊ शकतो. दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. तेव्हा शेजारच्या तुकड्यात पहिला डंपर रिकामा झाला तो दिवस वहीत लिहून ठेवा आणि दोन फोटो काढा, एक भरावाचा आणि एक तुमच्या बांधाचा. दिवाळीत पडलेल्या भरावाचं पाणी जूनमध्ये दिसतं, आणि तोवर सहा महिने संपलेले असतात.